भैरवीनंतरच्या चार पायऱ्या

मला आयुष्यातला पहिला मेमो मिळाला तेव्हा मी नोकरीत नव्हते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारात ओले केस पुसत उभी होते. समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी सायकलवरून न उतरताच एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला आणि ते ऑफिसला निघून गेले. जुन्या फाइलीतल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर हिरव्या शाईने लिहिलं होतं : 'विषय : ऋषभाची पातळी. कालच्या तालमीत आपला ऋषभ अपेक्षेपेक्षा खाली आढळून आला. तीन दिवसांत सुधारणा करून समक्ष कळवावे. सुधारणा शक्य नसल्यास कारणे द्यावीत.' खाली सही, तारीख, आणि सहीखाली 'अवर सचिव' असा हुद्दासुद्धा.

मी मुळात भांडकुदळ. संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेले, मी काही तुमच्या मंत्रालयात कामाला नाही हे ऐकवायला. दार काकूंनी उघडलं. माझ्या हातातला कागद बघून त्या हसल्या आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे उघडा केला. डबा मेमोंनी भरला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझा निषाद अजून प्रलंबित आहे, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी चहा घेतला आणि माझं भांडण तिथेच राहिलं.

काका मूळचे अमरावतीकडच्या एका तालुक्याच्या गावचे. लिहिताना त्यांची मराठी सरकारी, रस्त्यावर हिंदी दिल्लीची, आणि काकूंशी बोलताना शुद्ध वऱ्हाडी. अंगाने काटकुळे, हिवाळ्यात दोन स्वेटर एकावर एक आणि त्यावर कोट, तरी सायकलवर थंडीने कुडकुडणारे. घरात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारच्या खुंटीवर काळी, निमुळती पेटी. पेटीत क्लॅरिनेट. शास्त्रीय संगीताच्या दर्दी मंडळींना क्लॅरिनेट म्हटलं की लग्नाची वरात आठवते आणि ती जरा नाक मुरडतात. काका ते ओळखून असत. स्वतःहूनच सांगून टाकायचे, की हो, माझे वडील बँडवाले होते, आणि हे वाद्य त्यांचंच आहे. समोरच्याचं मुरडलेलं नाक मग कुठे ठेवावं हे त्यालाच कळायचं नाही.

कॉलनीतल्या आमच्या मंडळाची गाण्याची सभा दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी व्हायची. सकाळी परेडमुळे रस्ते बंद, दुपारी बायकांचं हळदीकुंकू आणि तिळगूळ, आणि संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये पुण्याहून, धारवाडहून किंवा ग्वाल्हेरहून आलेल्या गवयाचं गाणं. हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, सतरंज्या, मागे लोखंडी खुर्च्या. लोक शाली पांघरून, शेंगदाणे खिशात घेऊन बसायचे. गाणं संपता संपता भैरवी व्हायची, आणि मग नेमकी पंचाईत व्हायची.

भैरवीनंतर काही गायचं नसतं, हा रिवाज. प्रजासत्ताकदिनाचा कार्यक्रम राष्ट्रगीताशिवाय संपत नसतो, हाही रिवाज. त्यामुळे भैरवीचा शेवटचा सूर हवेत असतानाच मंडळाचे सेक्रेटरी माइककडे धावायचे, 'कृपया उभे राहा' म्हणायचे, खुर्च्या करकरायच्या, कुणी चपला शोधायचं, आणि ज्याला ज्या पट्टीत जमेल त्या पट्टीत राष्ट्रगीत सुरू व्हायचं. पुरुष खाली, बायका वर, मुलं त्याहून वर. हा कार्यक्रमाचा शेवट नव्हे, अपघात आहे, असं काकांनी मंडळाला लेखी कळवलं. सोबत उपायही सुचवला होता.

उपाय असा. भैरवीत चार स्वर कोमल असतात : ऋषभ, गंधार, धैवत, निषाद. राष्ट्रगीत गायचं शुद्ध स्वरांत. या दोहोंच्या मधे काकांनी चार पायऱ्या बांधल्या होत्या. गवयाची भैरवी संपली की त्याच्याच षड्जावर कॉलनीतल्या आम्हा गाणाऱ्यांच्या समूहाने काकांच्या क्लॅरिनेटबरोबर गाणं उचलायचं, शब्दांशिवाय, नुसत्या आकारात. थोडा वेळ भैरवीतच राहायचं. मग पहिल्या पायरीवर ऋषभ शुद्ध होई, दुसऱ्या पायरीवर धैवत, तिसऱ्यावर गंधार आणि शेवटी निषाद. साडेतीन मिनिटांत सगळी कोवळीक निघून जाऊन लख्ख उजाडायचं, आणि तिथून राष्ट्रगीत आपसूक सुरू व्हायचं. राष्ट्रगीताला मात्र ते हात लावू देत नसत. तिथे एकही तान नाही, एकही जादा सूर नाही, सगळ्यांनी एका आवाजात सरळ गायचं. सजवायचं ते तिथपर्यंतचा रस्ता सजवा, असं ते म्हणायचे.

समूहात अकरा घरं होती. कॉलनीत सगळ्या राज्यांचे लोक, म्हणून शब्द नकोत असं त्यांनीच ठरवलं होतं. आकाराला भाषांतर लागत नाही. बंगाली बौदी म्हणजे वहिनी, तमिळ मामी, एक सरदारजी आणि त्यांची मुलगी, बाकी आम्ही मराठी. शिकवायची पद्धत तर आणखीनच तऱ्हेवाईक. ते सगळ्यांना एकत्र बसवून शिकवत नसत. प्रत्येक घराला एक वार दिलेला. त्या वारी येऊन त्या घराला फक्त त्या घराची ओळ शिकवायची. कागदावर नोटेशन नाही, टेप करायला परवानगी नाही. शेवटच्या दोन तालमींतच सगळे एकत्र भेटायचे. मी एकदा विचारलं, की सगळ्यांना सगळं का नाही शिकवत? ते म्हणाले, "ज्याला सगळं येतं, तो दुसऱ्याचं ऐकत नाही."

आमच्या घराला मंगळवार होता आणि पहिली पायरी. म्हणजे माझी. बाकी सगळे कोमल ऋषभावर असताना मी एकटीने शुद्ध ऋषभ लावायचा आणि नऊ मात्रा धरून ठेवायचा. बस. एवढंच माझं काम. त्या एका सुरासाठी मला सात मेमो मिळाले.

गवयांच्या बाबतीतही काकांचं निराळंच चाले. मंडळ बघायचं कलाकाराचं नाव आणि तारखा. काका बघायचे पट्टी. पाहुणे स्टेशनवर उतरले की हार घालायच्या आधीच हे विचारणार, आपला षड्ज कुठला? एका वयस्क गायिकेला तर त्यांनी गाडीच्या डब्यातच विचारलं. त्या बिचाऱ्या आधी घाबरल्या, मग इतक्या खूश झाल्या, की प्लॅटफॉर्मवर होल्डॉलवर बसून त्यांनी सा लावून दाखवला. काकांनी तो ऐकला, खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेतला आणि सायकलवरून अकरा घरांना परिपत्रक फिरवलं. दुसऱ्या दिवशी सगळी कॉलनी नव्या पट्टीत आ करत होती.

पण या सगळ्याच्या मुळाशी त्यांची एक अट होती आणि तीच त्यांना जिवापाड होती. 'कृपया उभे राहा' असं कुणीही म्हणायचं नाही. लोक पायऱ्यांवरच उठले पाहिजेत, आपले आपण. नाही उठले, तर दोष रचनेचा, लोकांचा नव्हे.

पहिल्या वर्षी मंडळाचे लोक धास्तावले होते. मला ती संध्याकाळ अजून लख्ख आठवते. माझा ऋषभ लागला तेव्हा सगळे बसलेले होते. दुसऱ्या पायरीवर मागच्या खुर्चीतले मामींचे सासरे काठी टेकत उठले. मग पुढच्या सतरंजीवरच्या दोन बायका उठल्या, त्यांना बघून नव्हे, कारण ते सगळ्यांच्या मागे होते. गंधार शुद्ध झाला तसा अर्धा हॉल उठला. निषादापर्यंत कुणी बसलेलं नव्हतं. गवयांनी तंबोरा हलकेच गादीवर निजवला आणि तेही उभे राहिले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. क्लॅरिनेट ओठांना लावलेल्या काकांचे डोळे भरून वाहत होते, आणि वाद्य वाजवणाऱ्याला डोळे पुसता येत नाहीत.

या अटीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. हिवाळ्यातली दुपार होती, ब्लॉकसमोरच्या हिरवळीवर आम्ही मटार सोलत बसलो होतो. त्यांच्या लहानपणी गावातल्या शाळेच्या झेंडावंदनाला वडिलांचा बँड बोलावलेला असे. बँडवाले सकाळपासून मैदानाच्या कडेला उभे. पाहुण्यांची भाषणं व्हायची, ऊन चढायचं, आणि हे गळ्यात ढोल अडकवून उभेच. काका सोलता सोलता म्हणाले, "माझ्या बापाला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आणि खुर्चीतल्या पाहुण्यांना उठा म्हणून सांगावं लागायचं. दर वर्षी." मग त्यांनी सालपटं गोळा केली आणि काकूंना हाक मारली.

असं सहा-सात वर्षं चाललं. तोवर दिल्ली बदलायला लागली. कॉलनीत केबल आली, स्कूटरच्या जागी मारुती आल्या. ज्यांच्या मुलांना खाजगी कंपन्यांत नोकऱ्या लागल्या त्यांनी दिल्लीच्या कडेला नव्याने वसणाऱ्या द्वारकेत सोसायट्यांमध्ये नंबर लावले. तिथे तेव्हा पाणी टँकरने यायचं आणि रस्त्यांना नावं नव्हती, नुसते सेक्टर होते. पण घर स्वतःचं होतं. समूहातली तीन घरं गेली, त्यांच्या ओळी काकांनी दुसऱ्यांना दिल्या. मलाही एका कंपनीत नोकरी लागली. तिथे मी 'इव्हेंट' हा शब्द शिकले आणि तो मंडळात आणला. मंडळाने मला सेक्रेटरी केलं.

स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं वर्ष होतं. सभा मोठी करायची ठरली. शहरातलं खरंखुरं नाट्यगृह, लाल मखमली खुर्च्या, आणि फ्रिज बनवणारी एक कंपनी खर्च उचलायला तयार. कंपनीचे साहेबलोक पहिल्या दोन रांगांत बसणार होते, आणि तिने एक निवेदकही दिला होता, गुळगुळीत आवाजाचा. काकांचं ते निवृत्तीचं वर्ष होतं. क्वार्टर सोडून ते गाझियाबादला जाणार होते. म्हणजे त्यांच्या पायऱ्या लोकांसमोर गायची ही बहुधा शेवटची वेळ, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आणि इथे मी माती खाल्ली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या अकलेने. त्या साहेबलोकांना मी पाहिलं होतं. कार्यक्रमाच्या मध्यावरच ते घड्याळं बघत होते, एकमेकांच्या कानाला लागत होते. माझ्या मनात आलं, हे नाही उठले तर? पहिल्या दोन रांगा तशाच बसून राहिल्या आणि काकांच्या शेवटच्या वर्षी सगळ्या दिल्लीसमोर त्यांचा पचका झाला तर? मी त्यांच्या प्रेमापोटीच केलं, हे आजही शपथेवर सांगेन. मध्यंतरात मी निवेदकाला एक चिठ्ठी दिली : समूहगान सुरू झालं की बघा, पुढचे लोक उठत नसतील तर हळूच सूचना करा.

भैरवी संपली. आम्ही सूर उचलला. मी माझा ऋषभ लावला, आणि तो त्या दिवशी इतका चोख लागला, की काकांनी क्लॅरिनेटवरून माझ्याकडे एक नजर टाकली. नऊ मात्रा झाल्या. धैवत शुद्ध होत होता. मागच्या अंधारात खुर्च्यांवरून कुणीतरी उठत असल्याची हालचाल मला दिसली. पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या एका साहेबाने मांडीवरचा कोट बाजूला ठेवून खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले होते. तो उठत होता. स्वतःहून उठत होता, हे मी पाहिलं आहे.

तेवढ्यात स्पीकरमधून तो गुळगुळीत आवाज आला. "देवियों और सज्जनों, कृपया राष्ट्रगान के सम्मान में अपने स्थान पर खड़े हो जाएँ।" पाचशे मखमली खुर्च्या एकदम धाडधाड मिटल्या. त्या आवाजात आमचा गंधार शुद्ध झाला की नाही ते आम्हालाही ऐकू आलं नाही. काकांनी वाजवणं थांबवलं नाही. निषादापर्यंत नेलं, राष्ट्रगीत झालं, टाळ्या झाल्या. त्यांनी शांतपणे क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले. मला काही विचारलं नाही. निवेदकाच्या हातात माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, आणि सात मेमोंना दिलेल्या लेखी उत्तरांमुळे माझं अक्षर त्यांना चांगलंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दाराखालून कागद आला. हिरवी शाई. 'विषय : चार पायऱ्या. उभे राहण्याबाबतचे आदेश निर्गमित झाल्याचे पाहण्यात आले. सबब सदर प्रस्तावाची आवश्यकता उरली नाही. प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे.' या वेळी सहीखाली हुद्दा नव्हता.

मी गेले नाही. भांडायला धावत जाणारी मी, माफी मागायला समोरचा ब्लॉक ओलांडू शकले नाही. महिन्याभरात त्यांचं सामान टेम्पोत चढलं. मी ऑफिसात होते. म्हणजे मुद्दाम ऑफिसात होते. पुढे माझं लग्न झालं, द्वारकेत घर झालं. सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत लॉनवर झेंडावंदन होतं, राष्ट्रगीत सीडीवर लागतं, लोक व्यवस्थित उभे राहतात. मला दर वर्षी त्या सीडीच्या आधीची शांतता सहन होत नाही. तिथे काहीतरी असायचं. माझ्याकडे त्यातला फक्त एक सूर होता. भाजी चिरताना, गाडी सिग्नलला उभी असताना मी तो लावून बघायची. कोमलातून शुद्धात जायचं, नऊ मात्रा थांबायचं, आणि पुढे काय येतं ते मला येत नसायचं. बौदी कोलकात्याला गेल्या होत्या, मामी चेन्नईला. दोघींना मी फोन केले. दोघींना आपापली ओळ पाठ होती आणि दुसऱ्याची एकही नाही.

गाझियाबादला जायला मला नऊ वर्षं लागली. मेट्रो आमच्या सेक्टरपर्यंत नुकती आली होती, पण गाझियाबादला पोचली नव्हती. दोन बस आणि एक ऑटो करून दुपारी पोचले. काकूंनी दार उघडलं. त्या थकल्या होत्या, पण मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. उशीर केलास, एवढंच म्हणाल्या. काका आतल्या खोलीत पलंगावर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं चालणं बंद झालं होतं. दात गेले होते, त्यामुळे क्लॅरिनेट ओठांत धरता येत नव्हतं. सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली होती; आता ते सगळ्यांशीच वऱ्हाडीत बोलत होते.

मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी मी दिली होती. तुमचा पचका होईल अशी मला भीती वाटली होती. लोक उठतील यावर माझा विश्वास नव्हता. माझं चुकलं. काका छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "तुह्यावर राग नव्हता पोरी. पन एक साहेब उठत होता ना, खुर्चीले हात टेकून? त्याले उठू द्याचं होतं." त्यांनीही पाहिलं होतं. मी किती रडले ते इथे सांगत नाही.

रडून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मला सगळं ऐकायचं आहे. मी कायम गाणाऱ्यांत उभी होते, माझ्या नऊ मात्रा मोजत. चारही पायऱ्या मी अशी बसून, नुसतं ऐकणारी म्हणून कधी ऐकल्याच नाहीत. ते म्हणाले, अकरा घरांचं गाणं एकट्याच्या गळ्यात मावत नाही. पण वाट दाखवतो.

त्यांनी डोळे मिटले आणि भैरवीचा षड्ज लावला. आवाज फाटलेला, श्वास तोकडा, बोळक्या तोंडातला आकार. पण सूर जागच्या जागी. काकू दारात येऊन थांबल्या. काका कोमल ऋषभावर रेंगाळत राहिले, रेंगाळत राहिले, इतके की मला दुःख आवरेना, आणि मग तो स्वर त्यांनी हलकेच सोडून दिला. शुद्ध ऋषभ. माझा. मी तोंड उघडलं नाही. नऊ मात्रा त्यांनीच धरला. मग धैवत आला, बौदींच्या घरचा. मला वाटत होतं मी मात्रा मोजते आहे, पण मोजणं कधीच सुटलं होतं. गंधार आला तेव्हा खोलीत काय होतं ते मला आठवत नाही. हाच तो, खुर्च्यांच्या आवाजात बुडालेला. निषाद लागला आणि त्यांचा दम संपला. राष्ट्रगीतापर्यंत ते पोचलेच नाहीत.

काकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मान अवघडून वर का बघताहेत एवढे. मग कळलं, की मी खुर्चीवर नव्हते.

"कोनं सांगतलं तुले उभं राह्याले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुणी नाही, काका."